ज्यांना झेंडा नाही, त्यांच्या गाण्याला गुण कोण देणार?

२४ मे १९५६ हा दिवस आंबेडकरी समाजाच्या इतिहासात नोंदलेला आहे. त्या दिवशी मुंबईत नरे पार्कवर बुद्धजयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. योगायोग असा की, त्याच दिवशी स्वित्झर्लंडमधील लुगानो या शहरात सात देशांच्या गायकांची एक स्पर्धा झाली आणि ती अनेक देशांत एकाच वेळी प्रक्षेपित झाली. ती युरोव्हिजन गीत स्पर्धा. महायुद्धात एकमेकांची शहरे बेचिराख करणाऱ्या देशांनी आता एकमेकांची गाणी ऐकावीत, असा या उपक्रमाचा गाजावाजा झाला. तेव्हापासून ती दरवर्षी भरत आली. खंड पडला तो फक्त २०२० साली, कोरोनाच्या साथीमुळे.

या स्पर्धेची मतदानाची रीत मोठी उद्बोधक आहे. प्रत्येक देशाने आपल्या आवडीच्या दहा गाण्यांना बारा, दहा आणि मग आठपासून एकपर्यंत गुण द्यायचे, ही पद्धत १९७५ पासून रूढ झाली. २०१६ पासून तज्ज्ञ परीक्षकांचे गुण वेगळे आणि प्रेक्षकांचे वेगळे जाहीर होऊ लागले. आठ कोटींहून अधिक वस्तीचा जर्मनी आणि जेमतेम ३४ हजार वस्तीचा सान मारिनो, दोघांच्या बारा गुणांचे वजन सारखेच. शिवाय कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला मत देता येत नाही. दुसऱ्याच्या गुणाची कदर करायची, हा नियमच आहे. ज्या देशात उमेदवाराची जात पाहून मत टाकले जाते, तेथील नागरिकांना हा नियम विचार करायला लावील.

पण आमचा प्रश्न पुढचा आहे. समानतेचे हे सारे वाटप देशांमध्ये आहे. ज्यांना देशच नाही, त्यांचे काय? युरोपात रोमा नावाचा समाज राहतो. त्यांची संख्या एक कोटी ते एक कोटी वीस लाखांच्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे. म्हणजे ऑस्ट्रियाच्या लोकसंख्येहून अधिक. तरी सान मारिनोला बारा गुण आणि रोमांना एकही नाही. कारण त्यांचे राज्य नाही, सरकारी दूरचित्रवाणी नाही. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना, मला मायभूमी नाही, असे सुनावले होते. त्या शब्दांचा अर्थ रोमा माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

हे लोक कोण? सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. ते इजिप्तमधून आले असावेत, या गैरसमजातून त्यांना ‘जिप्सी’ म्हटले गेले. पूर्व युरोपात त्यांना ‘सिगान’, ‘त्सिगान’ अशा नावांनी हिणवले जाते. भाषातज्ज्ञ हा शब्द ज्या जुन्या ग्रीक शब्दापर्यंत नेतात, त्याचा अर्थ आहे, ज्याला शिवू नये असा! आज रुमानियात असलेल्या मोल्डाव्हिया आणि वालाखिया या प्रांतांत रोमा माणसे गुलाम म्हणून विकली जात होती. ती गुलामगिरी १८५५-५६ मध्ये कायद्याने संपली. पुढे हिटलरच्या छळछावण्यांत ज्यूंबरोबर लाखो रोमाही मारले गेले. १९७१ साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली आणि त्यांनी आपला झेंडा ठरवला. वर निळे आकाश, खाली हिरवी धरती आणि मध्ये सोळा आऱ्यांचे लाल चक्र. हे चक्र अशोकचक्राशी नाते सांगते. मात्र युरोव्हिजनच्या मंचावर हा झेंडा देशाचा झेंडा नव्हे.

म्हणून रोमा गायक त्या मंचावर येतो तो दुसऱ्याच्या झेंड्याखाली. २००९ साली मॉस्कोत झालेल्या स्पर्धेत झेक प्रजासत्ताकाने जिप्सी सीझेड या रोमा गायकाच्या गटाला पाठवले. उपांत्य फेरीत त्यांना शून्य गुण मिळाले. २०१३ साली स्वीडनमधील माल्मो येथे मॅसेडोनियातर्फे एस्मा रेजेपोवा गायल्या. रोमा संगीताची सम्राज्ञी म्हणून त्यांचा जगभर लौकिक होता आणि सत्तेचाळीस मुलांना त्यांनी सांभाळून वाढवले होते. त्यांचे गाणेही अंतिम फेरीपर्यंत पोहोचले नाही. २०१७ साली कीव्हमध्ये मात्र हंगेरीचा रोमा गायक योत्सी पापाई अंतिम फेरीत आठवा आला. रोमा म्हणून वाट्याला आलेली अवहेलना त्याने गाण्यातून मांडली होती. त्याला परीक्षकांनी हात राखून गुण दिले, पण सामान्य प्रेक्षकांनी भरभरून मते दिली. २०१९ साली हंगेरीने पुन्हा त्यालाच पाठवले.

कोणी म्हणेल, गाणे आवडले नाही म्हणून गुण मिळाले नाहीत. त्यात अन्याय कसला? हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. शून्य गुण हा गुन्हा नव्हे. परंतु वकिली करणाऱ्याने मंचामागची कागदपत्रेही वाचावीत. ज्या झेक प्रजासत्ताकाने २००९ साली रोमा गायकाला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले, त्याच देशाला नोव्हेंबर २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दोषी ठरवले होते. ओस्त्रावा शहरातील अठरा रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या वेगळ्या शाळांत घातले होते. न्यायालयाने सांगितले की, भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. नियम वरून सारखा दिसला तरी त्याचा परिणाम एकाच समाजावर पडत असेल, तर तो भेदभावच. आपल्याकडे प्रत्येक खटल्यात जातीय हेतू सिद्ध करा म्हणून अडवणूक होते, तेव्हा हा निकाल आपल्या वकिलांनी जरूर वाचावा. हंगेरीलाही जानेवारी २०१३ मध्ये अशाच प्रकरणात त्या न्यायालयाने दोषी धरले. त्याच हंगेरीत २००८ व २००९ या दोन वर्षांत वंशद्वेषी टोळीने सहा रोमा माणसांचे खून पाडले. त्यांत पाच वर्षांचे एक बालक होते. खैरलांजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापुढे सांगणे न लगे.

म्हणजे गाणाऱ्या गळ्याला मंच आहे, पण त्याच समाजाच्या मुलाला शाळेत शेजारचा बाक नाही. हा व्यवहार आपल्याला अनोळखी नाही. गावाला आमची हलगी हवी होती, ढोलकी हवी होती, तमाशातली लावणी हवी होती. पण तेच हात पाणवठ्याला लागले की पाणी बाटत होते. कलेची वाहवा म्हणजे माणसाची प्रतिष्ठा नव्हे, हे आमच्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगून जाणले. म्हणूनच भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारखे शाहीर प्रस्थापितांकडे गुण मागत बसले नाहीत. त्यांनी आपलाच मंच उभारला आणि गाण्यातून समाज जागा केला.

मंच अगदीच निरुपयोगी असतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९८० साली नॉर्वेने उत्तरेकडील सामी आदिवासींच्या हक्कावरचे गाणे पाठवले. त्यांच्या प्रदेशातील नदीवरील धरणाविरुद्ध तेव्हा लढा चालू होता. गाणे सोळावे आले. पण लढा थांबला नाही आणि १९८९ साली सामींची स्वतःची निर्वाचित संसद अस्तित्वात आली. २०१६ साली युक्रेनच्या जमाला या क्रिमियन तातार गायिकेने, स्टालिनने १९४४ साली आपल्या समाजाला केलेल्या हद्दपारीचे दुःख गायले आणि स्पर्धा जिंकली. गाण्याने जगाचे कान उघडतात. हक्क मात्र संघटनेने आणि लढ्यानेच पदरात पडतात.

याची जाण हंगेरीतील काही रोमांना झाली आणि त्यांनी वाट शोधली ती बाबासाहेबांची. बाबासाहेबांचे विचार वाचून ते प्रभावित झाले, महाराष्ट्रात येऊन गेले, बुद्धाकडे वळले. जय भीम हेच नाव त्यांनी आपल्या संघटनेला दिले. साजोकाझा या खेड्यात २००७ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. जेथे रोमा मुलांना इतरांपासून वेगळे काढले जाते, तेथे ही मुले शालान्त परीक्षेला बसावीत, हा तिचा उद्देश. आमच्या मते, युरोव्हिजनच्या बारा गुणांपेक्षा त्या परीक्षेतील पास होण्यापुरते गुण अधिक मोलाचे आहेत. ते कोणा परीक्षकाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत आणि परत काढून घेता येत नाहीत.

पण आम्ही त्यांना किती ओळखतो? ८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिन. १९७१ च्या त्या परिषदेची ती आठवण. त्यानंतर सहाच दिवसांनी भीमजयंती येते. आपल्या व्याख्यानमालांत, विहारांत, वसतिगृहांत त्या आठवड्यातील एक संध्याकाळ रोमांसाठी ठेवता येणार नाही काय? त्यांचा इतिहास सांगावा, ओस्त्रावाचा निकाल समजावून द्यावा, साजोकाझाच्या शाळेशी पत्रव्यवहार करावा. जे पूर्वज या भूमीतून हजार वर्षांपूर्वी गेले, त्यांची लेकरे आज जय भीम म्हणत आहेत. त्यांच्या हाकेला ओ देणे, हे आपले काम आहे.