तारे सात वर्गांचे, द्रव्य मात्र एकच

थंडीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र पाहा. त्यातला काक्षी तांबूस दिसतो, राजन्य निळसर पांढरा. हा रंग ताऱ्याचं तापमान सांगतो. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३५०० अंश, राजन्यचा सुमारे १२०००. नळावर लाल खूण गरम पाण्याची असते. ताऱ्यांचं नेमकं उलट आहे.

तेजावरून वर्गवारी फार जुनी. प्राचीन ग्रीकांनी ताऱ्यांच्या सहा प्रती पाडल्या : पहिली सर्वांत ठळक, सहावी जेमतेम दिसणारी. १८५६ मध्ये पॉग्सन यांनी पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट प्रकाश, असं माप बसवलं. पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. व्याध राजन्यपेक्षा ठळक दिसतो, कारण तो केवळ ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. राजन्य जवळपास शंभरपट दूर असून, खरं तेज त्याचंच कितीतरी जास्त.

खरी गुंतागुंत वर्णपटात होती. हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग (आधी तिथल्या संचालकांच्या घरी मोलकरीण) यांनी हायड्रोजनच्या रेषा किती ठळक, यावरून ताऱ्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. ॲनी जंप कॅनन यांनी ती अक्षरं गाळून, फिरवून नवा क्रम लावला : ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. ओ सर्वांत तप्त, एम सर्वांत थंड. आपला सूर्य जी वर्गातला. पण या रेषा तापमानाप्रमाणे अशा का बदलतात, हे कोडंच होतं.

ते १९२० मध्ये मेघनाद साहांनी सोडवलं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चजातीय विद्यार्थी त्याला पंगतीला घेत नव्हते. साहांच्या समीकरणाने दाखवलं की तापमान वाढलं की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेषा बदलतात. ए वर्गात हायड्रोजनच्या रेषा ठळक दिसतात, त्या हायड्रोजन जास्त आहे म्हणून नाही. सुमारे १०००० अंशांना त्या सर्वांत उठून दिसतात, एवढंच.

याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात मांडलं की जवळपास सगळे तारे एकाच द्रव्याचे, मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. ज्येष्ठ शास्त्रज्ञ रसेल यांना ते पटलं नाही. त्यांच्या दबावामुळे हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असं पेन यांना स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या मार्गाने त्याच उत्तरापर्यंत पोहोचले.