नारळ दिल्यानंतर

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील मारूची या भागात २००० सालच्या आरंभी सांडपाण्याची सार्वजनिक यंत्रणा एकाएकी चमत्कारिक वागू लागली. चालावयास हवेत तेव्हा पंप बंद पडत आणि बिघाडाची सूचना मुख्य केंद्राला मिळत नसे. तंत्रज्ञांनी यंत्रे पुन्हा पुन्हा तपासली, परंतु त्यांत दोष सापडेना. अखेर एप्रिलमध्ये पोलिसांनी एक मोटार अडवली, तेव्हा तीत संगणक आणि बिनतारी संदेशाची सामग्री मिळाली. मोटारीतील इसम ही यंत्रणा बसविणाऱ्या कंत्राटदार कंपनीचा माजी तंत्रज्ञ निघाला. कंपनीशी न पटल्याने त्याने राजीनामा दिला होता. नंतर त्याने स्थानिक प्रशासनाकडे नोकरी मागितली, पण तेथेही त्याला नकार मिळाला. त्याने धाडलेल्या खोट्या आज्ञांमुळे सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात पसरले. ओढ्याचे पाणी काळे पडले, जलचर मेले. २००१ साली न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण अशा प्रसंगी आठवावी. बाहेरच्या चोराला भिंत फोडावी लागते. घरच्या माणसाला मात्र कोणती कडी ढिली आहे, हे आधीच ठाऊक असते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ओमेगा इंजिनीअरिंग या मापन-उपकरणे बनविणाऱ्या कंपनीला १९९६ साली हाच अनुभव आला. संगणक-जाळे सांभाळणाऱ्या, अकरा वर्षे नोकरी झालेल्या माणसाला तिने जुलैमध्ये काढून टाकले. त्याच महिन्याच्या अखेरीस तिचे उत्पादन ज्यांवर चालत होते ते संगणकातील सारे कार्यक्रम पुसले गेले. सुमारे एक कोटी डॉलरचे नुकसान झाले आणि ऐंशी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी त्याला काढले त्यांच्यापेक्षा ज्यांनी त्याचे काहीच बिघडविले नव्हते, त्यांनाच या सुडाची झळ अधिक लागली. मारूचीच्या ओढ्यातील मासे आणि ओमेगातील हे ऐंशी कामगार यांची गत एकच होय.

यंत्रावर राग काढण्याची ही परंपरा जुनी आहे, हे खरे. १८११-१२ मध्ये इंग्लंडमधील लडाइट कामगारांनी विणकामाचे माग फोडले आणि ब्रिटिश संसदेने १८१२ साली त्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा ठरविली. फ्रान्समधील कामगार संघटनांच्या १८९७ च्या तुलूझ अधिवेशनात तर काम मंद करणे वा बिघडविणे हा लढ्याचा एक मार्ग म्हणून मांडला गेला. परंतु त्या कृत्यांमागे समूह होता, जाहीर मागणी होती आणि ती मान्य झाली तर उद्या पुन्हा त्याच कामावर जावयाचे होते. आजच्या एकट्या सूडकऱ्यापाशी यांपैकी काहीच नसते. तो दाराबाहेर गेलेला असतो आणि सौदा करण्याजोगे त्याच्या हाती काही उरलेले नसते. मग पदरी तुरुंगवासच पडण्याचा संभव असताना तो हा खटाटोप का करतो? नफा-तोट्याचा हिशेब करूनच वागणारा जो माणूस अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत भेटतो, त्याच्या वर्तनात या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन संशोधकाच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते काही अंशी मिळते. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांपुरती पंधरा टक्के पगारकपात झाली होती. एका ठिकाणी वरिष्ठांनी कामगारांना कपातीची कारणे सविस्तर सांगितली, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या ठिकाणी निर्णय थोडक्यात कळवून विषय संपविला. त्या काळात दुसऱ्या कारखान्यातील मालाच्या चोऱ्या पहिल्यापेक्षा बऱ्याच अधिक झाल्या. कपात दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो माणसांना दिलेल्या वागणुकीचा. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात असमाधानी माणसापुढील दोन वाटा सांगितल्या आहेत: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. ज्याचा आवाज कधी कोणी ऐकलाच नाही, त्याला बाहेर पडल्यावरही आपले भांडण अपुरेच राहिले असे वाटते. अशा भांडणाचे रूपांतर कधी कधी गुन्ह्यात होते.

यावर व्यवस्थापकांचा उपाय ठरलेला असतो. माणसाला काढावयाचे त्याच क्षणी त्याचे संगणकाचे अधिकार रद्द करावयाचे, किल्ल्या काढून घ्यावयाच्या आणि पहारेकऱ्यासोबत त्याला फाटकापर्यंत पोहोचवावयाचे. यांपैकी अधिकार रद्द करणे व किल्ल्या घेणे आवश्यकच आहे. मारूचीत तेवढी दक्षता असती तर कदाचित पुढील अनर्थ टळला असता. तथापि हा उपाय पुरेसा नाही. ओमेगातील विध्वंसाची तयारी त्या माणसाला काढण्यापूर्वीच झाली होती. शेवटच्या दिवशी लावलेले कुलूप तेथे काय करणार? शिवाय वीस वर्षे इमानाने राबलेल्या कारकुनाला चोरासारखे बाहेर काढले, तर तो सूड घेणार नाही, पण मागे राहिलेले शंभर जण ते दृश्य पाहतात आणि आपलीही पाळी अशीच येणार हे मनोमन जाणतात.

भारतात शिक्षेची तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमान्वये अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गाऱ्हाण्याची वाटही कायद्याने आखली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९६५ साली झालेल्या दुरुस्तीने एकट्या कामगाराची बडतर्फी हाही औद्योगिक विवाद ठरला आणि १९७१ च्या दुरुस्तीने ती शिक्षा अवाजवी असल्यास बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, असे म्हटले आहे. परंतु हे संरक्षण मुख्यतः कायद्याच्या व्याख्येतील 'कामगारा'ला आहे. संगणकाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती असतात, त्यांपैकी अनेक जण व्यवस्थापक वा पर्यवेक्षक म्हणून त्या व्याख्येबाहेर राहतात. ज्याच्या हाती हानी करण्याची शक्ती अधिक, त्यालाच गाऱ्हाणे मांडण्याची जागा कमी, अशी ही विसंगती आहे.

सूड घेणाऱ्याचे समर्थन कोणीही करू नये. अन्याय झाला म्हणून तिऱ्हाइताच्या ओढ्यात मैला सोडण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. पण शिक्षा ही अनर्थानंतरची गोष्ट आहे. त्याआधी मालकाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते फारसे खर्चिकही नाही. काढण्याचे कारण लेखी द्यावे, त्या माणसाचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकावे, देणी वेळेवर चुकवावीत, अनुभवाचा दाखला अडवून ठेवू नये. मराठीत नोकरीवरून काढण्याला 'नारळ देणे' म्हणतात. नारळ हे वस्तुतः मानाने निरोप देण्याचे चिन्ह आहे. त्यातला मान काढून घेऊन केवळ निरोप देण्याची जी रीत पडत चालली आहे, ती बदलणे मालकाच्या, मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांच्या आणि समाजाच्याही हिताचे ठरेल.