घाटाच्या पायऱ्या आणि फोनवरील पूरपातळी

काशीमध्ये मुन्शी घाट आणि शीतला घाट यांच्या मध्ये अहिल्याबाई घाट आहे. पूर्वी हा केवलगिरी घाट म्हणून ओळखला जात असे. अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी तो बांधून घेतला आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. जामखेड तालुक्यातील चोंडी हे अहिल्यादेवींचे जन्मगाव. त्यांच्या जन्माला २०२५ साली ३०० वर्षे पूर्ण झाली, त्यामुळे आपल्याकडून काशीला जाणाऱ्या यात्रेकरूंची पावले या घाटाकडे आवर्जून वळतात. मात्र पावसाळ्यात गेलेल्यांना घाटाऐवजी बहुधा पाणीच दिसते. पायऱ्या एकेक करून बुडतात, घाटाघाटांमधील पायवाट बंद होते, नौका बांधून ठेवल्या जातात आणि शेजारच्या दशाश्वमेध घाटावरील गंगा आरती गच्चीवर न्यावी लागते.

काठावर राहणाऱ्या नावाड्याला यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसते. काल कितव्या पायरीवर पाणी होते आणि आज कितव्या पायरीवर आहे, एवढे त्याला पुरते. दगडी पायरी हलत नाही, म्हणून ती उत्तम मोजपट्टी ठरते. आपल्याकडे नृसिंहवाडीला हेच काम दत्तमंदिर करते. कृष्णेचे पाणी मंदिरात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की पंचक्रोशीतील शेतकऱ्याला नदी कुठवर आली हे सांगावे लागत नाही. प्रश्न आहे तो ज्याच्या शेताजवळ घाट नाही आणि मंदिरही नाही, त्याचा. नदीकाठची मोटर कधी उचलायची, जनावरे कधी हलवायची, कापलेला चारा कुठे न्यायचा, हे त्याने कशावरून ठरवावे?

या कामासाठी केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ हे विनामूल्य ॲप उपलब्ध आहे. ते ऑगस्ट २०२३ मध्ये आले. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ५९२ पूरनिरीक्षण केंद्रे आणि १५० मोठ्या जलाशयांच्या साठ्याची माहिती समाविष्ट झाली. राज्यानुसार किंवा खोऱ्यानुसार केंद्र निवडता येते. पुढील २४ तासांपर्यंतचा पूर-अंदाज आणि ७ दिवसांपर्यंतचा सल्ला मिळतो. नकाशावरील ठिपक्यांचे रंग मात्र नीट समजून घ्यावेत. हिरवा म्हणजे सामान्य स्थिती. पाणी इशारा पातळी ओलांडून धोका पातळीच्या खाली असेल तर पिवळा, धोका पातळी ओलांडली की नारिंगी आणि त्या ठिकाणच्या आजवरच्या सर्वोच्च पातळीच्याही वर गेले की लाल. रस्त्यावरच्या सिग्नलची सवय असल्याने पिवळा रंग पाहून अजून वेळ आहे असे आपल्याला वाटते. सखल रानातल्या शेतकऱ्यासाठी पिवळा रंग दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो, कारण या पातळ्या केंद्राच्या ठिकाणासाठी ठरवलेल्या आहेत, आपल्या बांधासाठी नव्हेत.

ॲपमधील आकडा वाचताना पहिला गोंधळ होतो तो एककाचा. वाराणसीला गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोका पातळी ७१.२६२ मीटर आहे. याचा अर्थ नदी ७० मीटर खोल आहे असा नव्हे. ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, म्हणजे धोका पातळीच्या वर सुमारे २.६४ मीटर. ऑगस्ट २०२५ च्या आरंभीही गंगेने ७२ मीटरची पातळी ओलांडली होती. आपल्याकडे सांगलीचा आयर्विन पूल आणि कोल्हापूरचा राजाराम बंधारा यांचे आकडे फुटांत सांगण्याची रीत आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फूट व धोका ४५ फूट, तर राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा ३९ व धोका ४३ फूट. हे फूट तेथील मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात. तेव्हा ॲपमधील मीटरचा आकडा ३.२८ ने गुणून तो वर्तमानपत्रातील फुटांशी ताडून पाहू नये. त्यांचा मेळ कधीच बसणार नाही. फरक मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत ॲपमध्ये १.५२ मीटर वाढ दिसली, तर पुलावरच्या पट्टीवर ती सुमारे ५ फूट दिसेल. म्हणून आकड्यापेक्षा फरक पाहण्याची सवय लावावी.

फरकावरून वेळ काढता येतो, आणि शेतकऱ्याला हवा असतो तो वेळच. समजा, वाराणसीला पातळी ६८.६६२ मीटर आहे आणि पाणी तासाला ४ सेंटिमीटरने चढत आहे. इशारा पातळीला १.६० मीटर, म्हणजे १६० सेंटिमीटर बाकी आहेत. १६० ला ४ ने भागले की ४० तास मिळतात. हाच वेग तासाला १० सेंटिमीटर झाला, तर उरतात १६ तास. घरातील संगणकावर किंवा फोनवरील गूगल शीट्समध्ये चार रकाने करावेत: दिनांक व वेळ, केंद्रावरील पातळी, मागील नोंदीपासून ताशी वाढ आणि आपल्या खुणेपर्यंत उरलेले तास. शेवटच्या दोन रकान्यांत सूत्र एकदा भरले की पुढे फक्त पातळी टाकायची. ही शीट ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवावी, कारण पुराच्या दिवसांत नेटवर्क सर्वांत आधी जाते.

आपली खूण ठरवणे हा या साऱ्याचा गाभा आहे, आणि ते काम कोणतेही ॲप करून देणार नाही. पाणी मोटरीच्या चौथऱ्याला लागले त्या क्षणी जवळच्या केंद्रावर किती पातळी होती, हे वेळेसह लिहून ठेवावे. गोठ्याकडे जाणारी वाट बुडाली तेव्हा किती, उसाच्या पहिल्या सरीत पाणी आले तेव्हा किती, अशी प्रत्येक ठिकाणाची स्वतंत्र नोंद करावी. विजेच्या खांबावर किंवा विहिरीच्या कठड्यावर रंगाची रेघ मारावी. पाणी चढते असताना खुणांजवळ जाण्याचा मोह टाळावा. ओसरल्यानंतर राहिलेला गाळाचा पट्टाही तेवढाच खरा असतो. एकाच पुरावरून मात्र नियम बांधू नये. केंद्र आणि शेत यांच्यामधील पाण्याचा उतार प्रत्येक पुरात थोडा बदलतो. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की अंदाज बसू लागतो, आणि तरीही हाताशी काही तास शिल्लक ठेवूनच निर्णय घ्यावा.

केंद्र कोणते निवडावे, याबाबतही वाराणसीचे उदाहरण बोलके आहे. गंगा चढली की तिचे पाणी वरुणा नदीत मागे शिरते आणि वरुणेच्या काठची वस्ती पाण्याखाली जाते. तेथील माणसाने वरुणेकडे पाहून उपयोग नसतो, गंगेकडे पाहावे लागते. पंचगंगा आणि कृष्णा यांचेही असेच आहे. कृष्णा तुडुंब असताना पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि शिरोळ तालुक्यातील रानांत फुगवटा साचतो. ओढ्याकाठी किंवा उपनदीकाठी शेत असलेल्यांनी ॲपमध्ये आपल्या नदीबरोबर मुख्य नदीचे संगमाजवळचे केंद्रही पाहावे. काशीतील गंगेच्या तुलनेत घाटमाथ्याजवळच्या आपल्या नद्या फार लवकर चढतात, त्यामुळे आपल्याकडे दिवसातून एकदा पाहणे पुरत नाही. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, म्हणजे धोका पातळीच्या वर साडेतीन मीटरांहून अधिक.

धरणातील विसर्गाचे आकडेही वाचता आले पाहिजेत. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. १ लाख क्युसेक विसर्ग २४ तास चालू राहिला, तर ८.६४ टीएमसी पाणी नदीत उतरते. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

फोनच्या सेटिंग्जकडे वळू. अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या विभागात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ असते. ते चालू असल्याची खात्री करावी. २०२३ मध्ये अनेकांच्या फोनवर मोठा आवाज करत चाचणी-संदेश आले होते, ते याच मार्गाने. त्या आवाजाला वैतागून काहींनी ही सोय बंद केली आणि ती तशीच राहिली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’, विजेच्या धोक्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ आणि २०१९ पासूनचे कृषी-हवामान सल्ल्याचे ‘मेघदूत’ ही ॲप्स सोबत असावीत. ‘सचेत’ आणि ‘दामिनी’ यांना स्थान वापरण्याची परवानगी द्यावी आणि बॅटरी बचतीच्या यादीतून त्यांना वगळावे, नाहीतर फोन त्यांना झोपवून टाकतो. कोणतेही ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे आणि निर्मात्याचे नाव तपासावे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, ती कोणत्याही योजनेच्या नावाने असो, उघडू नये.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. गावाच्या गटावर पातळी कळवताना केंद्राचे नाव, निरीक्षणाची वेळ, एकक आणि चढ की उतार, या चारही गोष्टी एकाच ओळीत लिहाव्यात. “पाणी वाढतंय, सावध राहा” एवढ्या संदेशावरून कोणीही मोटर उचलत नाही. ॲपच्या पडद्याचे छायाचित्र पाठवणार असाल, तर त्यावरील वेळ दिसू द्या; नेटवर्क गेलेल्या फोनवर कालचाच आकडा आजचा म्हणून उभा असतो. गेल्या वर्षीच्या पुराचे व्हिडिओ दर जुलैत नव्याने फिरू लागतात. त्यांना उत्तर म्हणून त्याच मिनिटाला केंद्रावरील ताजी पातळी टाकावी.