हाताची नोकरी मोटरला

टेक्ससमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे एक सेकंडहँड पिकअप आहे, फोर्डची एफ-१५०. पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक लांबट काच. एक कसली, तीन काचा: कडेच्या दोन पक्क्या, मधली सरकती. ती उघडायची तर मागे हात टाकायचा, दोन बोटांनी खटका दाबायचा आणि काच बाजूला लोटायची. मागच्या सीटवर त्याचा कुत्रा बसतो आणि त्या कुत्र्याला वारा लागतो. त्यामुळे प्रत्येक सिग्नलला आमचे चिरंजीव सीटबेल्टसकट उलटे वळून, खांदा निखळेल इतका ताणून, तो खटका चाचपत असतात.

"मामा, याला मोटर लावून टाकतो. एका शनिवारचं काम आहे," तो म्हणाला.

मलाही पटलं. मोटर, बटण, दोन वायरी. त्यात काय आहे?

प्रत्यक्षात चार शनिवार गेले. पण त्या चार शनिवारांत, उलट्या बादलीवर बसून पाने-पकडी पुरवता पुरवता, मला माझ्याच हाताबद्दल भलता आदर वाटायला लागला. काच सरकवताना हात काय काय करतो, कधी मोजलंय? तो ढकलतो आणि ओढतो. काच जड लागली तर जोर वाढवतो. टोकाला पोचली की थांबतो. आणि फटीत पोराचं बोट दिसलं तर, तुम्ही विचार करायच्या आत, जागच्या जागी गोठतो. यातलं काहीही त्याला कुणी शिकवलेलं नाही. मोटरला मात्र यातली एकेक गोष्ट वेगळी शिकवावी लागते, आणि प्रत्येक धड्यामागे कुणाची तरी अफलातून युक्ती आहे.

सुरुवात काचेपासूनच. मी भाबडेपणाने सुचवलं, "आहे त्याच काचेला खाली एक भोक पाड, त्यात हूक अडकव, हूक मोटरला बांध." तो हसला. गाडीची मागची काच टेम्पर्ड असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर. आतला थिजताना आक्रसतो आणि आधीच कडक झालेल्या बाहेरच्या थराला आत ओढून धरतो. म्हणजे काचेच्या पोटात कायमची रस्सीखेच चालू असते! बाहेरचे दोन्ही थर दाबाखाली, मधला ताणाखाली. बाहेरच्या या दाबामुळे ती काच साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त मार सोसते. पण ड्रिलचं टोक मधल्या थरापर्यंत पोचलं, की रस्सीखेच सुटते. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पळतो आणि पापणी लवायच्या आत अख्ख्या काचेची खडीसाखर होते.

ही करामत युरोपातल्या दरबारांमध्ये खेळणं म्हणून फिरत होती. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकायचा. शेपटीवाला एक मणी तयार होतो. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारा, टिकतो. शेपटीचं टोक चिमटीत मोडा, सगळ्याचा भुगा. प्रिन्स रूपर्टने १६६० च्या सुमारास हे थेंब इंग्लंडमध्ये आणले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. राजाचं मनोरंजन करणारा तो थेंब आज आपल्या डोक्यामागे चौकटीत बसलेला असतो, अपघातात सुऱ्यांऐवजी बोथट खडे होऊन गळावा म्हणून.

थोडक्यात, टेम्पर्ड काचेला जे भोक पाडायचं ते भट्टीत जायच्या आधी. मग भाच्याने भंगारात निघालेल्या, त्याच पिढीच्या एका एफ-१५० मधून मोटरवाली मागची काच शोधून आणली. चौकट, केबल, मोटर, सगळा संच. जुनी काच उतरवणं हा एक सोहळाच होता. ती नट-बोल्टवर नसते, काळ्या चिवट युरेथेनने पत्र्याला चिकटवलेली असते. त्या चिकटातून बारीक पोलादी तार ओवायची, एक टोक आतल्या माणसाच्या हातात, एक बाहेरच्या, आणि दोघांनी मिळून ती करवतीसारखी खेचायची. आत मी होतो. दोन दिवस दंड दुखत होते.

जुन्या पिकअपमध्ये काच रबराच्या गॅस्केटमध्ये बसायची, आणि तिथली युक्ती मला याहून सुंदर वाटते. रबराच्या खाचेत चहूबाजूंनी एक दोरी घालायची, काच बाहेरून भोकावर टेकवायची आणि आतून दोरी हळूहळू ओढत जायची. दोरी निघता निघता रबराचा ओठ पत्र्यावरून उलटवते आणि काच आपोआप जागेवर बसते. आपल्याकडे ट्रकच्या काचा बसवणाऱ्यांना हा खेळ पाठ असतो.

आता ओढायचं कसं? काचेच्या चौकटीत मोटर मावत नाही. ती खाली, सीटच्या पाठीमागे, पत्र्याच्या भिंतीवर बसते. ताकद खालून वर, तीही वळण घेत न्यायची. सरळ दांडा वळणार नाही आणि नुसती तार वळणावर आखडून सरळ होईल. उत्तर तुमच्या सायकलच्या ब्रेकला लटकतंय. तार एका न दबणाऱ्या, पण वाकणाऱ्या नळीत घालायची. नळीची दोन्ही टोकं पक्की. आतली तार जितकी ओढते, तितकंच बाहेरची नळी उलट रेटते, त्यामुळे वळण कसंही असो, ओढ दुसऱ्या टोकाला बिनबोभाट पोचते. याला बोडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बोडेनने १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तारेला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून तारा दोन: एक उघडायला, एक मिटायला. दोन्ही एकाच गरगर फिरणाऱ्या डबीवर. एक गुंडाळते तेव्हा दुसरी सुटते, जसा कप्पीवर एक पोहरा वर येताना दुसरा विहिरीत उतरतो.

आणि ती डबी फिरवणारी मोटर? उघडून पाहिली तर हसू येतं. मुठीत मावेल एवढी. नुसत्या बोटांनी तिचा दांडा धरला तर ती थांबेल की काय, असं वाटतं. तिची ताकद गिअरमध्ये आहे. दांड्यावर स्क्रूसारखे आटे कोरलेले, आणि त्यांत अडकलेलं एक दातेरी चाक. दांडा एक फेरी मारतो तेव्हा चाक फक्त एक दात पुढे सरकतं. असे साठ-सत्तर फेरे झाले की चाकाची एक फेरी. वेग गेला, पण त्या बदल्यात जोर आला.

पण खरी गंमत पुढेच आहे. काच बंद असताना चोराने बाहेरून तळवा टेकवून ती सरकवायचा प्रयत्न केला तर? मोटरला तर वीज नाही, मग काच कोण धरून ठेवतं? घरातला आट्यांचा सोऱ्या आठवा. मूठ फिरवली की पीठ खाली दाबलं जातं आणि चकली पडते. पण पिठाने खालून कितीही रेटलं तरी मूठ उलटी फिरते का? आट्यांचा उतार इतका मंद असतो, की घर्षणच जिंकतं. दांडा चाकाला फिरवू शकतो, चाक दांड्याला नाही. हा वर्म गिअर, कुलपाशिवायचं कुलूप.

मग उघड-मीट. दोन वायरी मोटरला जातात. एकीत धन आणि दुसरीत ऋण दिलं की मोटर उजवीकडे फिरते, अदलाबदल केली की डावीकडे. बटणाचं काम एवढंच, वायरींची जागा बदलणं. पण बटण सोडलेलं असतं तेव्हा त्या दोन वायरी कुठे असतात? मी म्हटलं, कुठेच नाही, मोकळ्या. चूक! दोन्ही गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला, जोडलेल्या असतात. एकमेकींशी गाठ मारल्यासारख्या.

का, ते घरी करून पाहा. खेळण्यातली एखादी छोटी मोटर घ्या, दांडा बोटांनी भिरकावा: मोकळा फिरेल. आता तिच्या दोन वायरी एकमेकींना पिळून जोडा आणि पुन्हा फिरवा. दांडा जणू मधात बुडालाय! मोटर फिरते तेव्हा ती जनित्रही असते. तिनेच तयार केलेली वीज त्या गाठीतून तिच्याकडेच परत येते आणि तिच्याच फिरण्याला विरोध करते. म्हणून बटण सोडलं की काच घरंगळत पुढे जात नाही, जागेवर थबकते. ब्रेक नाही, स्प्रिंग नाही. मोटर स्वतःचाच पाय ओढून थांबते.

या स्वभावाचा दुसरा पैलू मला सगळ्यात विलक्षण वाटला. फिरणारी मोटर आत येणाऱ्या विजेला सतत विरोध करत असते, त्यामुळे मोकळी फिरताना ती थोडीच वीज घेते. दारातल्या काचेच्या साधारण मोटरचा हिशेब धरा, ५ अँपिअरच्या आसपास. काच टोकाला भिडून मोटर अडली, की विरोध शून्य, आणि तोच आकडा १५-२० च्या घरात. म्हणजे मोटरला किती जोर लावावा लागतोय हे वायरीतल्या विजेवरून वाचता येतं. शिवाय मोटरचे कार्बन ब्रश एका पट्टीवरून पुढच्या पट्टीवर सरकतात तेव्हा विजेत बारीकशी लाट उठते. काही गाड्यांतला कॉम्प्युटर या लाटा मोजत बसतो आणि काच नेमकी कुठवर आलीय ते ओळखतो. नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा.

आमच्या जुन्या संचात असला वैद्य नव्हता. तिथे होती एक टिकली, मोटरच्याच आत. तिच्या प्लास्टिकमध्ये कार्बनचे कण खच्चून भरलेले असतात, एकमेकांना चिकटून, म्हणून वीज त्यांच्यातून जाते. मोटर अडली, वीज वाढली, टिकली तापली, प्लास्टिक फुगलं, कण एकमेकांपासून सुटले. वाट बंद! गार झाली की कण पुन्हा चिकटतात. हा फ्यूज उडतो आणि आपला आपण जुळतो.

हे सगळं हाताळताना मला राहून राहून १९४० च्या पॅकार्ड गाडीचं नवल वाटत होतं. बटणावर चालणाऱ्या काचा देणारी ती पहिली कंपनी, आणि तिच्या काचा हलवायला विजेचा पंप तेल दाबायचा. दारादारांतून तेलाच्या नळ्या. पुढे ती सगळी पाइपलाइन मुठीएवढ्या मोटरमध्ये गुंडाळली गेली. आणि टोयोटाने तर २००७ च्या टुंड्रा क्रूमॅक्समध्ये मागची अख्खी काच एकसंध ठेवून थेट खाली, केबिनच्या भिंतीच्या पोटात उतरवली. त्यांच्या इंजिनिअरांनी त्या भिंतीत जागा कशी काढली असेल, देव जाणे.

राहिलं बोट. फटीतलं, लहान मुलाचं. अमेरिकेत मोटरवर चालणाऱ्या काचांसाठी एक सुरक्षा नियम आहे, क्रमांक ११८. जी काच कुणाच्या देखरेखीविना आपली आपण बंद होऊ शकते, तिने वाटेत काही आलं तर १०० न्यूटनपेक्षा जास्त दाबायच्या आत मागे फिरलं पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे दहा किलोचं पोतं हातावर ठेवल्यावर जाणवतं तेवढं. पण बटण धरून ठेवलं तरच चालणाऱ्या काचेवर ही सक्ती नाही. तिथे गृहीत असं, की बटणावर बोट आहे म्हणजे फटीवर डोळा आहे. या गृहीतकावर माझा काडीचा विश्वास नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या मुलाचा गुडघा दारातल्या बटणावर टेकला आणि काच वर आली, असे अपघात तिथे झालेत. म्हणूनच २००५ च्या कायद्याने सांगितलं, काच मिटायला बटण ओढावंच लागेल. गुडघा दाबू शकतो, ओढू शकत नाही. एवढ्याशा अदलाबदलीत किती विचार!

चौथ्या शनिवारी संध्याकाळी सगळं जोडून झालं. भाच्याने बटण उघडायच्या बाजूला दाबलं आणि काच शांतपणे बंद झाली. दोन वायरींची अदलाबदल, दहा सेकंदांचं काम. मग मी हट्ट धरला, बोटाचं काय होतं ते बघायचंच. स्वयंपाकघरातून एक गाजर आणलं आणि फटीत धरलं. काच आली, गाजराला भिडली, तिने त्यात खोल खळी पाडली. मोटर कण्हली. भाच्याने बटण सोडलं नाही. काही सेकंदांनी आवाज पूर्ण बंद.

"मेली," मी म्हटलं.

"थांब, टिकली गार होऊ दे."

मिनिटभराने त्याने पुन्हा बटण दाबलं आणि काच सर्रकन उघडली. भाचा गाजरावरची खळी बराच वेळ न्याहाळत राहिला. डॅशबोर्डवर गिअरशेजारी बसवायचं ठरलेलं बटण त्याने त्याच रात्री वर छताशी नेलं, आणि साधं काढून ओढायच्या जातीचं लावलं. गाजर कुत्र्याने खाल्लं.