विसरणाऱ्या म्हाताऱ्यांची परीक्षा घेऊ नका

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघर जातो. विसर पडू लागलेल्या आजीपुढे आम्हांला उभे करून घरची मंडळी विचारतात, "सांग बघू, कोण आलंय?" आजी कधी डॉक्टर म्हणते, कधी तलाठी. सारे हसतात, आजी ओशाळते. हेतू वाईट नसतो, पण अशाने आठवण सुधारत नाही. उलट चूक पक्की होते.

१९९४ साली इंग्लंडमध्ये बॅडली आणि विल्सन यांनी हेच तपासून दाखवले. स्मृती गेलेल्या माणसांना अंदाज करू न देता आधीच बरोबर उत्तर दिले, तर ती अधिक शिकतात. आपण चुकलो हे आपल्या लक्षात राहते, म्हणून आपण सुधारतो. त्यांच्या ते लक्षात राहत नाही. तोंडी आलेला चुकीचा शब्द मात्र मागे राहतो.

म्हणून आधी सांगा, मग विचारा. समजा, आजी रात्री अंधारात उठते आणि पडते. तिला सांगा, "रात्री उठलीस की उशीखालची बॅटरी घे." लगेच विचारा, "रात्री उठल्यावर काय घ्यायचं?" तिने उत्तर दिले की थोडे थांबून पुन्हा विचारा. घड्याळ नको, एक 'नमो मरिया' म्हणण्याइतका वेळ पुरे. मग अर्धा मिनिट, एक, दोन, चार, आठ मिनिटे, असे अंतर वाढवत न्या. मधल्या वेळात शेंगा फोडा, गप्पा मारा. अडखळली तर रागावू नका. उत्तर लगेच सांगून तिच्याकडून म्हणवून घ्या आणि आधीच्या अंतरावर या. विचारताना तिच्या हाताला बॅटरी उचलू द्या. बॅटरीची जागा कधीही बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट शिकवा.

अंतर वाढवत विचारण्याची ही रीत १९७८ साली अमेरिकेत लँडॉअर आणि ब्योर्क यांनी नावे लक्षात ठेवण्यासाठी तपासली. पुढे कॅमेरॉन कॅम्प यांनी ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरली. हिने रोग बरा होत नाही. बॅटरी लक्षात राहील, पण सुनेचे नाव कदाचित राहणार नाही. तरी एक पडणे टळले, तरी पुष्कळ झाले.

नातवाचे नाव विसरलेली आजी जपमाळ मात्र बिनचूक ओढते, हे तुम्ही पाहिले असेल. वर्षानुवर्षांची सवय आणि हातांचे कसब पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. तेव्हा सूप तिच्या हातून काढून घेऊ नका.

मात्र आधी डॉक्टरला दाखवा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा मनाची उदासी यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर इलाज आहे. एक-दोन दिवसांतच माणूस बरळू लागला, तर त्याच दिवशी न्या. लघवीचा संसर्गही कारण असू शकतो.

आणखी एक. फवारणीच्या विषाला आपण 'औषध'च म्हणतो, आणि आजोबांच्या गोळ्याही औषधच. ती बाटली आजच कुलपात ठेवा.