भाग ९ : २०१० सालची एक बाटली

चंडीगडच्या सेक्टर २२ मधून पुन्हा तुमच्याशी बोलतोय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "कर्नलसाहेब, वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे खरं का?" उत्तर आहे, नाही. का नाही, ते आज एका खऱ्या बाटलीवरून सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एक वहिनी घरी आल्या. त्यांचे यजमान आणि मी खडकवासल्याला एनडीएत एकाच स्क्वॉड्रनमध्ये होतो. तो आता नाही. वहिनींनी पिशवीतून एक बाटली काढली. लाल बोर्डो, २०१०. मुलाने फ्रान्सहून आणलेली आणि मित्राने मुलाच्या लग्नासाठी जपलेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लग्न फेब्रुवारीत आहे. व्याह्यांसमोर उघडायची आहे. एकदा बघून सांगा."

आधी लेबलवरचं साल समजून घेऊ. ते द्राक्षं तोडल्याचं साल असतं, बाटली भरल्याचं नव्हे. बोर्डो हा नैर्ऋत्य फ्रान्समधला, अटलांटिकजवळचा प्रदेश. तिथे तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि नेमका तेव्हाच पाऊस येऊ शकतो. म्हणून तिथे साल बघतात. २०१३ थंड आणि ओलं गेलं, वाइन हलक्या झाल्या. २०१० कोरडं होतं, रात्री थंड होत्या. द्राक्षं पिकली, पण आंबटपणा टिकून राहिला. अशा सालच्या चांगल्या वाइन वीस-तीस वर्षंही टिकतात. आपल्या नाशिकला उलटं आहे. पावसाळा संपताना छाटणी आणि जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत तोडणी. अवकाळी पाऊस त्रास देतो, पण साला-सालांतला फरक एरवी कमी असतो.

म्हणजे साल उत्तम होतं. पण साल हा जन्मदाखला आहे, तब्येतीचा दाखला नव्हे. तब्येत अशी तपासायची.

पहिलं, बाटली न उघडता बघा. वाइन मानेत कुठवर आहे? दहा-बारा वर्षांच्या बाटलीत ती मानेतच हवी. इथे ती खांद्यापर्यंत उतरली होती. टोपणाखाली चिकट ओघळ वाळलेला होता आणि बूच किंचित वर आलं होतं. उष्णतेने वाइन फुगते, बूच ढकलते आणि बाहेर झिरपते. मी विचारलं, "वहिनी, ठेवली कुठे होती?" म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या माळ्यावर. उभी. तिथे कोणी हात लावत नाही ना." मी काय ते समजलो. चंडीगडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि माळ्यावर शेगडीची वाफ वेगळी. वाइनला हवेत बारा-चौदा अंश, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं.

बाहेरून दिसतं ते सगळंच खरं नसतं. उघडल्याशिवाय निकाल देता येत नाही, आणि उघडली की ती लग्नापर्यंत टिकत नाही. हे मी वहिनींना स्पष्ट सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "उघडा. व्याह्यांसमोर फजिती नको."

दुसरं, रंग. ग्लास पाव भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडा बघा. तरुण वाइनची कडा जांभळट असते, मुरलेलीची विटकरी. विटकरी कडा हा दोष नाही. आमच्या ग्लासात मात्र मधलं पाणीही तपकिरी झालं होतं, कोऱ्या चहासारखं.

तिसरं, वास. आधी ग्लास न हलवता घ्या, मग हलवून. कॅबर्ने सोव्हिन्यो आणि मेर्लो यांच्या मिश्रणातून काळी फळं, सिडारचं लाकूड, तंबाखू, ओली माती असे वास यायला हवेत. इथे फक्त उकडलेल्या मनुका आणि करपलेला गूळ.

चौथं, चव. घोट जिभेवर फिरवा आणि तीन गोष्टी शोधा. आंबटपणा, ज्याने तोंडाला पाणी सुटतं. तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी होते तसा. आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते. या तिन्हींचा तोल म्हणजे चांगली वाइन. इथे तुरटपणा होता, फळ नव्हतं, आणि मागे आंबूस कडवटपणा राहत होता.

फौजेत रिपोर्ट लिहिताना शिकलो, गोड लिहून कुणाचं भलं होत नाही. म्हटलं, "वहिनी, वाइन गेली. प्यायल्याने अपाय नाही, पण पाहुण्यांना देण्यासारखी नाही."

त्यांचे डोळे भरले. "त्यांनी इतकी जपली, आणि आम्हीच घालवली."

"जपण्यात चूक नव्हती, जागा चुकली," मी म्हटलं. "आणि त्याच्यासाठी एक घोट घ्यायला ही पुरेशी चांगली आहे." आम्ही दोघांनी उभं राहून एकेक घोट घेतला. लग्नात नाशिकची ताजी कॅबर्ने ठेवली. सगळ्यांना आवडली.

तर मंडळी, घरात थंड जागा नसेल तर वाइन साठवू नका. आपल्याकडच्या बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. आणि "रूम टेम्परेचर" म्हणजे युरोपातली जुनी थंड खोली, सोळा ते अठरा अंश. आपल्या मे महिन्यातली बैठकीची खोली नव्हे. उन्हाळ्यात लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच ओता.

आणि कुणासाठी एखादी बाटली ठेवली असेल, तर तो माणूस असतानाच उघडा.

पुढच्या भागात बूच आणि स्क्रू-कॅपबद्दल बोलू. जय हिंद.