रब्बीविना टिकलेला समाज

ज्यू कुटुंबाने नव्या गावी बिऱ्हाड केले की ते आधी विचारते : इथे सिनेगॉग कुठे आहे? रब्बी कोण आहे? लग्न, मयत, खाण्यापिण्याचे नियम यांत शंका आली तर विचारायचे कोणाला? रब्बी म्हणजे पुजारी नव्हे. तो धर्मशास्त्र शिकलेला माणूस, शिक्षक आणि निवाडा करणारा. पण आपल्या कोकणात असा एक ज्यू समाज आहे, की ज्याने कित्येक पिढ्या रब्बी पाहिलाच नाही. त्या बेने इस्रायल समाजाची हकीकत आज आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

या समाजात वाडवडिलांपासून सांगतात, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. गावांवरून आडनावे पडली : दिवेकर, रोहेकर, पेणकर. पोथ्या गेल्या, हिब्रू भाषा विसरली. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद! म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. शनिवारची सुट्टी, मुलाची सुंता, खाण्याचे नियम आणि 'शेमा' प्रार्थनेचे शब्द एवढ्या शिदोरीवर समाज तगला. ही शिदोरी घरातल्या आईबापांनीच जपली.

१७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला मशीद म्हणत. प्रार्थना सांगायला हजान, कारभार पाहायला मुकादम. रब्बी नसला तरी दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होते, असा ज्यूंचा जुना नियम आहे. पुढे कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी येऊन हिब्रू शिकवली. १८७४ साली वल्हांडण सणाची पोथी पुण्यात मराठी अर्थासह छापली गेली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली.

दोषही सांगितला पाहिजे. या समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि गोरे लोक काळ्यांशी बेटीव्यवहार करीत नसत. एवढा लहान समाज, पण उच्चनीचतेच्या रोगातून तोही सुटला नाही.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि हजारो कुटुंबे तिकडे गेली. आता रब्बींना तोटा नव्हता! पण झाले भलतेच. १९६२ साली तिथल्या प्रधान रब्बींकडून विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेली, की बेने इस्रायल वधू-वरांच्या आईकडच्या मागच्या पिढ्या तपासून पाहा. ज्यांनी कोकणात एकही शनिवार मोडला नाही, त्यांच्याकडे कुळाचा पुरावा मागितला. पिढ्या मोजून माणसाची पत ठरवण्याचा हा प्रकार आमच्या वाचकांना नवा नाही.

समाज गप्प बसला नाही. १९६४ साली यरुशलेममध्ये निदर्शने झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या पार्लमेंटने जाहीर केले, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. त्यानंतर त्या सूचनेतून समाजाचे नाव गाळण्यात आले.

आज बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद या गावी त्यांची वस्ती आहे. पोहे, खोबरे आणि फळे मांडून एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा तिथेही होतो.

इकडे कोकणात मात्र मोजकीच घरे उरली आहेत. या हकीकतीवरून आम्हांला एवढेच वाटते, की जाणता शिक्षक जरूर शोधावा, त्याच्याकडून शिकावे. पण तो येईपर्यंत समाज थांबत नाही. ठरल्या दिवशी हातचे काम ठेवून जो दहावा माणूस येऊन बसतो, तोच समाज उभा ठेवतो.